नऊ गिअरचा दांडा: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२४

संप मिटला आणि निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत गाड्या पुन्हा भरायला लागल्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात जीव गेल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला ठेवलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेवरून १ आणि २ तारखेला चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर रांगा लागल्या, आणि दोन दिवस जो तो ट्रकचालकांबद्दल बोलत होता. अपघात झाल्यावर चालकाचं काय करायचं, यावर प्रत्येकाचं मत आहे. त्याला भरलेली गाडी चालवायला कुणी शिकवलं, कशावर शिकवलं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ट्रक चालवायला शिकवणाऱ्या आमच्या वर्गाचा हा प्रकल्प त्या प्रश्नासाठी आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ७ प्रमाणे हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असला की ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे आमच्याकडे येणारा मुलगा पाच गिअरच्या गाडीवर हात बसवून येतो. इथे त्याच्या हाताखाली नऊ गिअर येतात, आणि शिकतो तो बहुतेक वेळ रिकाम्या गाडीवर. रिकामा ट्रक जवळपास कुठल्याही गिअरमध्ये उठतो आणि सहज थांबतो. चुकीची सवय लागली तरी ती तिथे दिसत नाही. ती दिसते पहिल्या भरलेल्या खेपेला, घाटात.

ठरलेलं काम असं: भंगारात निघालेला नऊ गिअरचा एक गिअरबॉक्स कापून त्याचं आतलं सगळं उघडं दिसेल असा स्टँड करायचा. त्याच्या आकड्यांवरून आमच्या दहाचाकी गाडीचा वेगाचा तक्ता मराठीत काढायचा, डॅशबोर्डवर चिकटवता येईल असा. आणि मग भरलेली गाडी घेऊन घाटात जायचं आणि तक्ता रस्त्यावर तपासायचा.

९ जानेवारी

बॉक्स आला. झेडएफ कंपनीचा ९एस १११०, आमच्या गाडीत आहे तोच. चेन कप्पीने उतरवला. वस्तादांनी मागची फ्लँज (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या टोकाची चकती) हाताने फिरवून बघितली आणि म्हणाले, "रेंजचा सिंक्रो गेलाय, बाकी माल चांगला आहे." उघडल्यावर तेच निघालं. मागच्या भागातल्या सिंक्रो रिंगची (गिअर बदलताना दोन भागांचे वेग जुळवणाऱ्या कड्याची) धार पार घासून गुळगुळीत झाली होती, पुढच्या चार गिअरचे दाते मात्र नव्यासारखे.

हा बॉक्स का मेला, हेच आमच्या वर्गाचं पहिलं पान आहे. पुढचे गिअर बदलताना कुणी चुकलं नव्हतं. मागच्या भागाच्या दोन रेंज असतात, लो (हळू) आणि हाय (वेगवान); लो मधून हाय आणि हाय मधून लो करताना कुणीतरी वर्षानुवर्षं घाई करत आलं होतं.

१५ जानेवारी

संक्रांत. काम बंद. तिळगूळ वाटायला वस्ताद आले, आणि कापायच्या आधी सगळं रॉकेलने धुऊन घ्या असं बजावून गेले.

१८ जानेवारी

धुतलेले भाग टेबलावर मांडले. इथे थोडं सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

नऊ गिअर म्हणजे नऊ वेगळ्या जोड्या असा समज असतो. तसं नाही. पुढे साधा बॉक्स आहे: चार गिअर, शिवाय एक क्रॉलर (सगळ्यात हळू, सगळ्यात जास्त ओढीचा गिअर) आणि एक रिव्हर्स. त्याच्या मागे एक ग्रहचक्राचा संच आहे. मधलं सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं, आणि सगळ्यांना वेढणारं बाहेरचं कडं. कडं केसिंगला धरून ठेवलं की मागचा संच वेग ३.४८ पटीने कमी करतो आणि ओढ तेवढ्याच पटीने वाढवतो. हे लो. कडं आतल्या भागाला जोडलं की सगळा संच एकसंध फिरतो, काहीच घट नाही. हे हाय.

आता आकडे बघा, म्हणजे बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते. हाय मध्ये पाचवा २.५४, सहावा १.८१, सातवा १.३४, आठवा १.००. या प्रत्येकाला ३.४८ ने गुणा: ८.८३, ६.२८, ४.६४, ३.४८ च्या आसपास येतं. हेच पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. म्हणजे पहिला आणि पाचवा हा पुढच्या बॉक्समधला एकच गिअर आहे, दुसरा आणि सहावा एकच, तिसरा आणि सातवा, चौथा आणि आठवा तसेच. क्रॉलर वेगळा, १२.७३, तो फक्त लो मध्ये.

चालकाच्या बाजूने याचा अर्थ मोठा आहे. चौथ्यातून पाचव्यात जाताना पुढचा बॉक्स सगळ्यात वरच्या गिअरमधून सगळ्यात खालच्या गिअरमध्ये जातो आणि त्याच वेळी मागचा संच लो मधून हाय मध्ये जातो. एका हालचालीत दोन बदल. मागचा बदल हाताने होत नाही, तो हवेवर होतो: दांडा मधल्या रेषेवरून उजवीकडे ढकलला की व्हॉल्व्ह उघडतो, सिलिंडरला हवा जाते, कडं केसिंगपासून सुटतं, सिंक्रो वेग जुळवतो, मग ते आतल्या भागाला जोडलं जातं. हे व्हायला क्षणभर लागतो. तो क्षण दिला नाही की रिंग घासते.

२४ जानेवारी

केसिंगला तीन खिडक्या कापल्या. ग्राइंडरचं काम वस्तादांच्या पोराने केलं, कडा घासून गोल केल्या, कुणाचा हात कापायला नको. पुढची चक्रं निळी, ग्रहचक्र लाल, सिंक्रो पिवळे रंगवले. क्लच शाफ्टला हँडल वेल्ड केलं. मागच्या फ्लँजला बाण.

रेंजच्या सिलिंडरला टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडली. हवा दिली की खट्‌कन आवाज येऊन लाल भाग सरकतो. हा आवाज पोरांना ऐकवायचाच. सकाळी गाडी सुरू करून हवा भरायच्या आधीच दांड्याशी झटापट करणाऱ्याला कळेल की पलीकडे हवाच नाही, त्याने कितीही जोर लावला तरी रेंज बदलणार नाही.

२ फेब्रुवारी

पहिला वर्ग स्टँडवर. प्रत्येकाला क्रॉलर टाकून हँडल फिरवायला लावलं. पावणेतेरा फेऱ्या मोजल्या तेव्हा मागचा बाण एकदा फिरून जागेवर आला. मग आठवा: हँडल एकदा, बाण एकदा. आकडे फळ्यावर लिहून जे कळत नाही ते दंडाला कळतं. आठव्यात फ्लँज धरून ठेवली तर हँडल हलवता येत नाही, क्रॉलरमध्ये तीच फ्लँज दोघांनी धरली तरी एका हाताने फिरते.

फलटणकडच्या एक ताई या वर्गात आहेत. घरचा ट्रॅक्टर चालवतात, गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतात. बाकीचे रेंजपाशी अडकले होते, त्या लगेच म्हणाल्या, "हे आमच्या हाय-लोसारखंच की! तिथं दांडा वेगळा असतो, इथं त्याच दांड्यात घातलाय." बरोबर आहे. आठ पुढचे गिअर असलेल्या ट्रॅक्टरला चार गिअर आणि हाय-लो हीच रचना असते. गावाकडून येणाऱ्या मुलामुलींना ट्रॅक्टरपासून सुरुवात करून शिकवावं, कारपासून नाही. अभ्यासक्रमात हा बदल आजच नोंदवला.

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली: ट्रॅक्टरमध्ये हाय-लो गाडी थांबवून बदलतात, इथे चालत्या गाडीत कसं? उत्तर पिवळ्या रंगात आहे. सिंक्रो. पण सिंक्रोला मर्यादा आहे हेही टेबलावर ठेवलेली ती घासलेली रिंग दाखवते. ती रिंग स्टँडला साखळीने बांधून टाकली आहे, हरवायला नको.

७ फेब्रुवारी

तक्त्यासाठी मोजमाप. टायरवर खडूने खूण केली, भरलेली गाडी सरळ रेषेत एक पूर्ण फेरा पुढे घेतली, जमिनीवर टेप लावला: ३.२ मीटर. मागच्या आसाची क्राउन (मोठं दातेरी चक्र) ४१ दात्यांची, तिला फिरवणारी पिनियन (छोटं चक्र) ७ दात्यांची, म्हणजे ५.८६. एवढ्यावर सगळं निघतं. इंजिनाचे फेरे भागिले गिअर भागिले आस, गुणिले टायरचा घेर.

१५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांना) आठव्यात ताशी ४९ किमी. सातव्यात ३७, सहाव्यात २७, पाचव्यात १९, चौथ्यात १४, तिसऱ्यात साडेदहा, दुसऱ्यात आठच्या आत, पहिल्यात साडेपाच, क्रॉलरमध्ये चारच्याही खाली. माणूस चालतो त्याहून हळू.

हा तक्ता वाचायला शिकवताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: रस्त्याचा वेग ठरला की प्रत्येक गिअरचा आरपीएम ठरतो, त्यात तुमची मर्जी चालत नाही. सहाव्यात १२०० वर आहात आणि पाचवा टाकायचा आहे, तर पाचव्यात इंजिनाला जवळपास १७०० वर यावंच लागेल. ते तुम्ही रेस देऊन आणलंत तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. तुम्ही नाही आणलंत तर ते काम सिंक्रो आणि क्लच प्लेट करतात, आणि त्याची किंमत मालक भरतो. वर जाताना उलटं: चौथ्यात १८०० वरून पाचव्यात गेलात की इंजिन १३०० वर उतरायला हवं. तेवढा वेळ थांबायचं. दांडा ढकलणं हे गिअर बदलण्यातलं शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. त्याच्या आधीचं, वेग जुळवायचं, काम कानाने आणि पायाने होतं.

१२ फेब्रुवारी

वर्गात आज एक जुने चालक बोलावले होते. सगळी हयात मुंबई–बंगळूर लाइनवर गेली. ते सिंक्रो नसलेल्या बॉक्सवर शिकले: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. डबल क्लच. पोरांना वाटलं हा इतिहास आहे. मी त्यांना आमच्याच गाडीवर करून दाखवायला सांगितलं. भरलेली गाडी, सहाव्यातून पाचवा, पाचव्यातून हाय सोडून थेट चौथा. दांडा दोन बोटांत धरला होता. गाडीला धक्का नाही, आवाज नाही.

सिंक्रोच्या गाडीत डबल क्लच रोज लागत नाही. पण थंडीत सकाळी गिअर ऑइल घट्ट असतं तेव्हा, सिंक्रो घासत आलेला असतो तेव्हा, आणि हाय मधून लो मध्ये येताना ते करावं, असं माझं मत आहे, आणि तसं तक्त्याच्या मागे छापणार आहे. वस्ताद सहमत आहेत.

या चालककाकांनी अर्ध्या क्लचवरही चांगलं झापलं. चढावर सिग्नलला अर्धा क्लच आणि रेस देऊन गाडी धरून ठेवायची सवय कारवाल्यांकडून येते. पंचवीस टनांची गाडी अशी धरली तर प्लेट जळते, वास केबिनमध्ये येतो, आणि वास आला तोवर प्लेटचं आयुष्य गेलेलं असतं. हँड ब्रेकवर गाडी धरायची, क्रॉलर टाकायचा, क्लच पकडू लागला की हँड ब्रेक सोडायचा, क्लच पूर्ण सुटेपर्यंत रेस जवळपास नाही. क्रॉलर त्यासाठीच दिलेला आहे.

मात्र चढावर क्रॉलरमध्ये उठलेली गाडी लगेच पहिल्यात टाकायला जाऊ नका. क्रॉलर आणि पहिला यांच्यात मोठी उडी आहे, बदल होईपर्यंत गाडी उभी राहते आणि मग मागे यायला लागते. चढ संपेपर्यंत क्रॉलरच. मागचे हॉर्न वाजवू देत.

२० फेब्रुवारी

केबिनच्या वातानुकूलनाची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली: तिच्यानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ प्रकारच्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या, मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी असावाच लागेल. मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून नागपूरकडे गाडी नेणाऱ्या माणसासाठी हे फार आधी व्हायला हवं होतं. मनापासून स्वागत.

आमच्या शिकवण्यात मात्र यामुळे बदल करावा लागेल. आज बहुतेक चालक गिअर कानाने बदलतात. काच खाली, एक्झॉस्टचा आवाज आत. काचा बंद झाल्या की तो आवाज अर्ध्यावर येईल, आणि मग आरपीएमच्या काट्याकडे बघायची सवय नसलेला चालक चाचपडेल. म्हणून आजपासून निम्मा सराव काचा चढवून, काट्यावर. काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा, हे सगळे सांगतात. पट्टा का हिरवा आहे हे सांगितलं की लक्षात राहतं: त्या फेऱ्यांत इंजिनाची ओढ भरपूर आणि डिझेल कमी. चढावर काटा त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला यायच्या आत निर्णय झालेला हवा.

कुणीतरी विचारलं, आता गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या आल्यात, मग हे शिकायचं कशाला? व्होल्वोचा आय-शिफ्ट जगात २००१ पासून आहे, भारतातल्या कंपन्याही आता तसे बॉक्स देतात. पण त्या बॉक्सच्या आत हीच चक्रं आहेत, दांडा तेवढा संगणक हलवतो. आणि पुढच्या वळणापलीकडे उतार आहे हे चालकाला माहीत असतं, बऱ्याच बॉक्सना नसतं. उतारावर हाताने खालचा गिअर निवडायची सोय त्यात ठेवली आहे ती म्हणूनच.

२६ फेब्रुवारी

पहिली भरलेली खेप. खडीच्या गोण्या भरल्या, काट्यावर वजन २४ टन. निगडीहून बायपासने, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, शिंदेवाडी, शिरवळ, सातारा जिल्ह्यातलं खंडाळा, आणि पुढे खंबाटकी घाट. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, परतीला बोगदा आहे. चालवणारे शिकाऊ, शेजारी मी, मागे दोघं वहीत आकडे टिपत.

खंबाटकीच्या चढाला आमचा मुलगा पाचव्यात लागला. काटा १५०० वरून उतरत गेला. मी मुद्दाम बोललो नाही, रस्ता मोकळा होता, मागे आमचीच दुसरी गाडी फ्लॅशर लावून होती. १३०० गेले, १२०० गेले, तो रेस दाबूनच होता. १००० वर इंजिन ठोकायला लागलं तेव्हा त्याने क्लच दाबला आणि दांडा लो कडे ढकलला. रेंजला क्षणभर लागला, तोवर गाडी इतकी मंदावली की चौथा टाकल्यावर काटा ९०० च्या आसपास, इंजिन थरथरायला लागलं. पुन्हा क्लच, तिसरा, तोवर गाडी उभी. हँड ब्रेक, क्रॉलर, वरपर्यंत माणसाच्या चालीने.

पुढच्या खेपेला ताईंनी तोच चढ घेतला. पायथ्याच्या सपाटीवरच, गाडीला ओढ असताना, पाचव्यातून चौथ्यात आल्या. काटा १८०० च्या थोडा वर गेला, चढ लागला तसा १५०० वर येऊन स्थिरावला, आणि माथ्यापर्यंत दांड्याला हात लावावा लागला नाही. विचारल्यावर म्हणाल्या, "ट्रॉल्या असल्या की ओढ्याच्या आधीच लो टाकतो आम्ही. मध्यात गेल्यावर कोण बदलतंय?"

२७ फेब्रुवारी

कालचं फळ्यावर मांडलं. शंभर मीटरला पाच मीटर चढाच्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडली तर चढ आणि टायरची घासट मिळून दर सेकंदाला ताशी २ किमी वेग जातो. वजन कितीही असो, हा आकडा फारसा बदलत नाही. पाचव्यात १३०० वर असताना गाडीचा वेग ताशी १७ च्या जवळ. दीड सेकंदात बदल केला तर उरतो १४, आणि १४ ला चौथ्यात काटा १५०० वर. छान. पण पाचव्यात १००० वर असताना वेग फक्त १३. बदलात दोन सेकंद गेले की ९. नऊला चौथ्यात इंजिन ९५० च्या आसपास, तिथे त्याच्यात ओढ नाही. कालचा मुलगा इथेच फसला.

तीनशे आरपीएम आधी निर्णय घेतला असता तर गाडी थांबली नसती. मुलं वहीत हे स्वतः करून बघत होती. ज्याची गाडी काल थांबली होती त्याने वेगवेगळ्या चढांसाठी हेच गणित रात्री घरी करून आणलं. ते कागद फाइलला लावले आहेत.

नियम असा लिहिला: चढावर रेंज बदलायची वेळच येऊ देऊ नका. भरलेल्या गाडीत पाचवा टिकणार नाही असं दिसलं की पायथ्यालाच चौथा.

४ मार्च

उतार. या नोंदीसाठीच मी प्रकल्प हाती घेतला असं म्हटलं तरी चालेल.

परतीला खंबाटकीचा बोगदा संपतो आणि पुढे खंडाळ्याकडे उताराचं एस वळण आहे. तिथले अपघात या रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहेत. त्याच्या पुढे, पुण्याच्या तोंडाशी, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून दरी पूल, नऱ्हे, नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार. लांब असल्यामुळे तो उतार वाटतच नाही, हीच त्याची धोक्याची बाजू. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने बऱ्याच वाहनांना धडक दिली. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं.

गणित पुन्हा तेच. पाच टक्के उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी दर सेकंदाला ताशी दीड किमी वेग घेते. वीस सेकंदांत तीस किमी. आणि तो वेग धरून ठेवायचा तर काय लागतं? २४ टनांची गाडी ताशी ३६ ने त्या उतारावर येत असेल तर दर क्षणाला सुमारे ११८ किलोवॉट, म्हणजे १५८ अश्वशक्ती, कुठेतरी जिरवावी लागते. टायरची घासट थोडी घेते, बाकी सगळी इंजिनाने घ्यायची किंवा ब्रेकने. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वाटा शून्य. मग ते सगळं ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठतं. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते. अशा वेळी डॅशबोर्डवर हवेचा काटा ८ बार दाखवत असतो, पेडल दाबलं की हवा सुटल्याचा आवाज येतो, आणि गाडी थांबत नाही. लोक त्याला ब्रेक फेल म्हणतात. ब्रेकमधलं काहीच तुटलेलं नसतं.

इंजिन बंद केलं तर आणखी वाईट: कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली हवा दर दाबाला कमी होत जाते, आणि स्टिअरिंगची पॉवर जाते.

आम्ही आज नवा बोगदा संपायच्या आत गिअर ठरवला. पाचवा, एक्झॉस्ट ब्रेक चालू. काटा १८०० ते २००० मध्ये, वेग ताशी २३ ते २६. आमच्या गाडीचा लाल पट्टा २५०० वर सुरू होतो, त्याच्या बराच अलीकडे. नवले पुलापर्यंत पायाचा ब्रेक थोड्याच वेळा लागला, तोही दाबून वेग पाच-सात किमीने उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा, असा. पाय पेडलवर ठेवून घासत राहायचं नाही. खाली आल्यावर वस्तादांनी गाडी बाजूला घेऊन ड्रमजवळ हात नेला: कोमट. मागून येणाऱ्या गाड्या ओव्हरटेक करून जात होत्या, त्यातल्या दोघांनी काचेतून बघून काहीतरी सुनावलं. सुनावू देत.

एक्झॉस्ट ब्रेकबद्दल एक गोष्ट वर्गात कुणालाच माहीत नव्हती. तो एक्झॉस्टच्या नळीत झडप बंद करून इंजिनाला अडवतो, चाकांना नाही. क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं की तो काही कामाचा नाही. आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी त्याची पकड जास्त. आठव्यात १००० वर तो लावून "लागत नाही" म्हणणाऱ्याने दोन गिअर खाली यावं, मग बघावं.

६ मार्च

न्यूट्रलने डिझेल वाचतं, हा समज वर्गात सगळ्यात चिवट निघाला. त्यामुळे वेगळी नोंद. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर रेसवरून पाय काढला की इंजिनाला चाकं फिरवत असतात, आणि पंप डिझेल द्यायचं थांबवतो. बीएस-६ च्या कॉमन रेल इंजिनात ते संगणक करतो, जुन्या पंपात गव्हर्नर करायचा. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरायचं असतं, म्हणजे त्याला आयडलचं डिझेल द्यावंच लागतं. घाट उतरताना गिअरमध्ये शून्य, न्यूट्रलमध्ये शून्याहून जास्त.

हे पटवायला नव्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा तात्काळ खपाचा आकडा उतारावर प्रत्येकाला दाखवला. गिअरमध्ये पाय काढल्यावर तो शून्यावर जातो. हे बघितलेला मुलगा पुन्हा वाद घालत नाही. पण दोष सगळा चालकांवर टाकू नये. खेपेला डिझेल बांधून देणारे आणि वाचलेलं डिझेल चालकाचं असं ठरवणारे मालक आहेत. चालक दमडी दमडी वाचवायला बघतो तो त्या हिशेबामुळे, आणि त्याला खरं गणित कुणी सांगितलेलं नसतं. मालकांसाठी वेगळं एक पान करायचं ठरलं.

१४ मार्च

तक्त्याचा मजकूर पक्का. पुढच्या बाजूला गिअर आणि १५०० ला वेग, मोठ्या अक्षरात, रात्री केबिनच्या दिव्यात वाचता येईल असा. मागे थोड्या ओळी: रिकाम्या गाडीत गिअर सोडून गेलात तरी चालेल, दोन, चार, सहा, भरलेल्या गाडीत एकेक. रेंज बदलताना दांडा न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबवा. चढाचा गिअर पायथ्याला, उताराचा गिअर माथ्यावर.

जुन्या चालकांचा नियम, "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर", मी पहिल्या मसुद्यात घेतला होता, काकांच्या सांगण्यावरून. चर्चेनंतर त्यात भर घातली. तो नियम कमी ताकदीच्या इंजिनांच्या काळातला आहे. तेव्हा गाडी घाट तिसऱ्या-चौथ्यात चढायची, म्हणून उतरतानाही हळूच यायची. आजची जास्त ताकदीची इंजिनं तोच घाट सहाव्यात चढून जातात, आणि सहाव्यात उतरणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. शिवाय २०१८ मध्ये आसाचं वजन वाढवून दिलं, सर्वांत मोठ्या ट्रेलरचं एकूण वजन ४९ वरून ५५ टनांवर गेलं. म्हणून तक्त्यावर "एक गिअर खाली" असं लिहिलं. काकांनी आधी मान हलवली नाही, मग ताशी ३६ चं गणित बघून म्हणाले, "लिहा."

२२ मार्च

स्टँड वर्गात कायमचा बसवला. तक्त्याच्या प्रती प्लास्टिकमध्ये करून आल्या. ट्रान्सपोर्टनगरीत ज्यांनी मागितल्या त्यांना देताना एक अडचण आली: हा तक्ता फक्त ५.८६ च्या आसाला आणि आमच्या मापाच्या टायरला लागू आहे. दुसऱ्या गाडीवर चिकटवला तर आकडे खोटे ठरतील. त्यामुळे प्रती वाटणं थांबवलं.

पुढच्या वर्गातला प्रत्येक जण आपल्या किंवा आपल्या मालकाच्या गाडीच्या क्राउन-पिनियनचे दाते विचारून येईल, टायरचा घेर खडूने मोजेल, बॉक्सच्या पाटीवरून गिअरचे आकडे घेईल आणि तक्ता स्वतः काढेल. कोरे तक्ते छापायला दिले आहेत. रेंज सिलिंडरचं सील गळतंय, ते सोमवारी बदलायचं. खंबाटकीची पुढची खेप एप्रिलमध्ये, पाडव्यानंतर, ऊन चढायच्या आत सकाळी सहाला. गोण्या त्याच, वजनकाट्याची पावती घ्यायची.